कासच्या वाटेवरच्या घराची वेबसाइट : छोट्या पर्यटन व्यवसायासाठी पहिल्या वहीपासून शेवटच्या पानापर्यंत

माझ्या मामेभावाचं घर साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे फुलांच्या कास पठाराला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. पाहुण्यांसाठी तीन खोल्या, लांब पडवी आणि चुलीवरचं जेवण. सप्टेंबरात त्याचा फोन सकाळी सहाला सुरू होतो तो रात्री अकरापर्यंत थांबत नाही. वहिनी एका हातानं भाकरी उलटतात आणि खांद्याशी धरलेल्या फोनवर तीच ती उत्तरं देतात. "हो, गरम पाणी आहे. नाही, स्विमिंग पूल नाही. हो, फुलं आलीत, पण पठाराचं बुकिंग आमच्याकडे होत नाही, ते तुम्हाला वेगळं करावं लागेल."

त्यांची वेबसाइट तेव्हाही होती. वर सरकणारे पाच फोटो, मध्ये "निसर्गाच्या कुशीत वसलेलं" असं एक वाक्य आणि खाली फोन नंबर. वहिनींच्या एकाही उत्तराचा तिच्यात पत्ता नव्हता. ती काढून आम्ही नवी बांधली. पुढे वाई आणि तापोळा भागातल्या ओळखीच्या काही घरांसाठीही हे काम केलं. त्यातून जे हाती लागलं ते ज्या क्रमानं करावं त्या क्रमानं लिहितो आहे. तुमच्याकडे दोन खोल्या असोत, चार तंबू असोत की कृषी पर्यटन केंद्र, क्रम तोच राहील.

पहिली पायरी : पंधरा दिवस एक वही

कॉम्प्युटर उघडण्याआधी फोनशेजारी एक वही ठेवा. प्रत्येक फोनवर विचारलेला पहिला प्रश्न पाहुण्याच्याच शब्दांत लिहा. तोच प्रश्न पुन्हा आला की पुढे एक रेघ ओढा. आमच्या वहीत आलेले काही प्रश्न असे होते: कमोड आहे का? आई-वडील पंच्याहत्तरीच्या पुढचे आहेत, पायऱ्या किती चढाव्या लागतील? कोणत्या सिमला रेंज येते? ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय आहे का? नॉनव्हेज मिळेल का? कास किती लांब? रात्री नऊला पोचलो तर जेवण मिळेल का?

याच प्रश्नांमधून तुमच्या वेबसाइटची पानं तयार होतात. ज्यापुढे जास्त रेघा, ते उत्तर पानावर वर. "आमच्याविषयी" हे पान सगळ्यात शेवटी लिहा, कारण आमच्या वहीत तो प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

वहीचा दुसरा उपयोगही तेवढाच मोठा आहे. पाहुणा फोनवर जे शब्द वापरतो, तेच तो गूगलवर टाइप करतो किंवा बोलून शोधतो. तो "कास पठाराजवळ राहण्याची सोय" किंवा "बामणोलीला घरगुती जेवण" असं शोधतो. "नयनरम्य वास्तव्य" असं कुणी शोधत नाही. म्हणून मथळ्यांत वहीतले शब्द घ्या.

दुसरी पायरी : नाव, आणि ते नाव कुणाच्या ताब्यात आहे

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. तो छोटा असावा आणि फोनवर एकदा सांगितला की समोरच्याला लिहिता यावा. 'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम' घ्या. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. देवनागरीत 'डॉट भारत' हा पत्ता २०१४ पासून मिळतो. तो जोडीला घेऊन मुख्य पत्त्याकडे वळवता येतो, पण एकटा त्यावर अवलंबून राहू नका, कारण बाहेरगावचा पाहुणा पत्ता इंग्रजी अक्षरांतच टाइप करतो.

मालकीबद्दल मी कळकळीनं सांगतो. मामेभावाची पहिली वेबसाइट ज्यानं बनवली, त्यानं डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. दोन वर्षांनी त्यानं फोन उचलणं बंद केलं आणि व्हिजिटिंग कार्डावर, कमानीवर, टी-शर्टवर छापलेला पत्ता हातचा गेला. सगळं पुन्हा छापावं लागलं. म्हणून काम कुणाकडूनही करून घ्या, पण डोमेन, होस्टिंग (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा) आणि गूगलचं खातं ही तिन्ही घरातल्या माणसाच्या ईमेलवर आणि मोबाइलवर असू द्या. बनवणाऱ्याला त्यात काम करण्यापुरता प्रवेश द्या. पासवर्ड, नूतनीकरणाची तारीख आणि पैसे कुठून भरले हे त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

कशात बनवायची? घरात कुणाला मजकूर बदलता यावा हीच एक कसोटी लावा. वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं साधन चांगलं आहे, पण त्याचे अपडेट वेळच्या वेळी करावे लागतात. ते कुणी करणार नसेल तर गूगल साइट्ससारखं साधं साधन किंवा चार-पाच साध्या, तयार पानांची स्थिर वेबसाइटही पुरते. पत्त्याची सुरुवात एचटीटीपीएसनं व्हायला हवी, म्हणजे पाहुण्यानं भरलेली माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही. त्यासाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं प्रमाणपत्र मोफत मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप बसवतात. त्यासाठी कुणी वेगळे हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका.

तिसरी पायरी : हंगामाचं पान

साताऱ्याच्या पर्यटन व्यवसायात सगळ्यात जास्त वाद हंगामावरून होतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत याच पानावर घ्यावी.

कास पठार पश्चिम घाटातल्या इतर स्थळांसोबत २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. तेव्हापासून देशभरातून माणसं येतात, आणि त्यांतल्या अनेकांना वाटतं की फुलं वर्षभर असतात. ती ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतात, तीही पावसाच्या तालावर मागेपुढे होतात. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा सामूहिक फुलते. आता विचार करा: तुमच्या पहिल्या पानावर कारवीनं निळं-जांभळं झालेलं पठार आहे आणि पाहुणा जानेवारीत आला. त्याला दिसतं वाळलेलं गवत. तो तुम्हालाच खोटं ठरवणार, आणि त्याचं म्हणणं खोटं नसेल.

ठोसेघरचंही तसंच. पावसाळ्यात धबधबा दरीभर घुमतो. एप्रिलमध्ये तिथे कातळ दिसतो. वासोटा किल्ल्याचं उलट. बामणोलीहून लाँचनं कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडून जायचं, वनखात्याची परवानगी घ्यायची आणि संध्याकाळच्या आत परतायचं. हा किल्ला कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे आणि पावसाळ्यात बंद असतो. तरी दरवर्षी जुलैत "वासोटा ट्रेक आणि मुक्काम" विचारणारे फोन येतातच.

म्हणून एक पान असं करा की ज्यात महिन्यानुसार खरं काय दिसतं ते लिहिलेलं असेल. आमच्या पानावरचा मजकूर साधारण असा आहे:

"जून ते ऑगस्ट : जोराचा पाऊस, दाट धुकं. ठोसेघर भरात. कपडे वाळत नाहीत, जास्तीचे आणा. वासोटा बंद.
ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात : कासची फुलं. शनिवार-रविवारी खूप गर्दी. जमलं तर मंगळवार-बुधवारी या.
ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारी : थंडी, स्वच्छ हवा, बामणोली, वासोटा. रात्री स्वेटर लागतो.
मार्च ते मे : दुपारी ऊन, रात्री गार. करवंदं, जांभळं. धबधबे कोरडे."

"धबधबे कोरडे" हे शब्द टाकायला मामेभाऊ सुरुवातीला तयार नव्हता. गिऱ्हाईक जाईल असं त्याला वाटलं. उन्हाळ्यातलं एखादं बुकिंग गेलंही असेल. पण पाण्यासाठी आलेलं कुटुंब पडवीत तोंड पाडून बसलेलं पाहण्यापेक्षा ते बरं, हे वहिनींनी त्याला पटवलं.

कासच्या प्रवेशाबद्दल एक काळजी घ्या. हंगामात दिवसाला किती पर्यटक सोडायचे याला मर्यादा असते आणि ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. शुल्क आणि नियम तुमच्या पानावर उतरवून ठेवू नका. ते बदलतात आणि तुमचं पान जुनं होतं. अधिकृत बुकिंगची लिंक द्या आणि शेजारी स्पष्ट लिहा: "आमच्याकडची खोली आणि पठाराचा प्रवेश ही दोन वेगळी बुकिंगं आहेत." त्याच पानावर फुलं तोडू नयेत, फुलांवर बसून फोटो काढू नयेत, कास तलावात उतरू नये हेही लिहा. त्या तलावाचं पाणी सातारा शहर पितं, हे कारण सांगितलं की लोक ऐकतात.

चौथी पायरी : कसं यायचं

गूगल मॅपवर पिन टाकली की काम झालं, असं समजू नका. मॅप जवळचा रस्ता दाखवतो, आणि आमच्याकडे जवळचा रस्ता कधीकधी बैलगाडीचा असतो. पिन अंगणाच्या फाटकावर आहे का हे स्वतः दोन्ही बाजूंनी गाडी चालवत येऊन तपासा. वाडी-वस्तीला नीट पत्ता नसेल तर मॅपवरच मिळणारा प्लस कोड, म्हणजे त्या जागेचा अक्षरं-आकड्यांतला छोटा पत्ता, लिहा.

मग शब्दांत रस्ता लिहा. पुण्याहून साधारण ११० किलोमीटर, खंबाटकी घाट ओलांडून सातारा, तिथून यवतेश्वरचा घाट. बामणोलीकडच्या घरांनी मेढ्याकडून येणारा रस्ताही लिहावा. कुठल्या वळणावर रेंज जाते, शेवटचा किती भाग कच्चा, छोटी गाडी पावसात येते का, आणि पेट्रोल व रोख रक्कम साताऱ्यातूनच घेऊन निघावी, हे सगळं यात यावं. सातारा रेल्वे स्टेशन शहराच्या मध्यात नाही, माहुलीच्या बाजूला आहे, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. एसटीनं येणाऱ्यांसाठी मुक्कामी गाडीचा उल्लेख करा. वेळ मात्र "येण्याआधी फोन करून खात्री करा" असं म्हणून सोडा.

एक ओळ आम्ही ठळक अक्षरांत ठेवली आहे: "पावसाळ्यात अंधार पडायच्या आत घाट चढा." धुक्यात दोन हातांवरचं दिसत नाही. ही ओळ वाचून कुणी दुपारीच निघालं, तर वेबसाइटचा सगळा खर्च मला वसूल वाटतो.

हे पान रेंज नसतानाही उपयोगी पडावं म्हणून त्याचा मजकूर व्हॉट्सॲपवर एका संदेशात पाठवता येईल असा तयार ठेवा. बुकिंग पक्कं झालं की लगेच पाठवा.

पाचवी पायरी : फोटो, आणि त्यांचं वजन

बाथरूमचा फोटो टाका. यावर मी अडून बसतो. पाहुणे कमोडबद्दल विचारतात ते संकोचत, आणि फोटो पाहिला की फोनच करावा लागत नाही. खोलीचा फोटो दारातून काढलेला, दिवसाच्या उजेडातला, अंथरूण घातलेला असावा. खोली दहा बाय बारा असेल तर तसं लिहा. रुंद लेन्सनं ती दिवाणखान्याएवढी दाखवू नका. पायऱ्यांचा फोटो, गाडी लावायच्या जागेचा फोटो, रोज मिळतं त्या ताटाचा फोटो. पिठलं, भाकरी, ठेचा, आमटी-भात असं ताट असेल तर तेच दाखवा. पाहुण्यांचे आणि विशेषतः लहान मुलांचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. इंटरनेटवरून उचललेला कासचा फोटोही नको. तो कुणाच्या तरी मेहनतीचा असतो.

आजच्या फोनमधला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. असे दहा फोटो एका पानावर टाकले तर घाटात अडकलेल्या पाहुण्याला तुमचा फोन नंबरसुद्धा दिसत नाही. फोटो सोळाशे पिक्सेल रुंदीपर्यंत छोटा करा, वेबपी या हलक्या प्रकारात साठवा आणि प्रत्येकी दोनशे केबीच्या आत आणा. मोफत साधनांनी हे होतं. पानावर जिवंत गूगल मॅप बसवण्याऐवजी नकाशाचं छोटं चित्र ठेवून त्याला लिंक द्या, पान हलकं राहतं. सरकणारे फोटो आणि आपोआप सुरू होणारा व्हिडिओ काढून टाका.

गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या मोफत साधनात पत्ता टाकून वेग मोजता येतो. पानावरचा सर्वात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असं तिथलं माप आहे. पण खरी परीक्षा म्हणजे जुना फोन घेऊन, वायफाय बंद करून, कमी रेंजच्या जागी उभं राहून पान उघडणं. आम्ही ते बामणोलीच्या बोट क्लबपाशी उभं राहून केलं.

सहावी पायरी : मराठी नीट दिसली पाहिजे

मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही पानं ठेवा, आणि मराठी आधी लिहा. यंत्रानं केलेलं भाषांतर न वाचता लावू नका.

मजकूर युनिकोडमध्ये हवा, म्हणजे कुठल्याही फोनवर किंवा कॉम्प्युटरवर तीच अक्षरं दिसतात. छापखान्यात अजूनही जुन्या फाँटात टाइप केलेला मजकूर फिरतो. ओळखायची युक्ती सोपी आहे: पानावरचं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. तिथे कचरा दिसला तर गूगललाही तोच कचरा दिसतो आहे. दरपत्रकाचं रंगीत चित्र टाकून मोकळं होण्याची सवयही सोडा. चित्रातली अक्षरं शोधात नीट सापडत नाहीत आणि छोट्या पडद्यावर वाचता येत नाहीत.

मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे मोफत फाँट चांगले आहेत. इंग्रजीच्या हिशेबानं ठेवलेल्या ओळींमध्ये आपल्या वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात, म्हणून दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या सुमारे १.६ ते १.७ पट ठेवा. अक्षरांमध्ये मोकळी जागा वाढवू नका, शिरोरेघ तुटते. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे असं नोंदवायला सांगा. काही फाँटांत त्यामुळे ल आणि श हिंदी वळणाऐवजी आपल्या वळणाचे दिसतात, आणि दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनांनाही भाषा कळते. फोन नंबर मात्र इंग्रजी आकड्यांत द्या आणि त्यावर बोट ठेवलं की थेट फोन लागेल असा ठेवा.

सातवी पायरी : दर आणि बुकिंग

"दरासाठी संपर्क करा" असं लिहिलेलं पान पाहुणा बंद करतो. दर लिहा: माणशी की खोलीला, जेवण धरून की वेगळं, पाच वर्षांखालच्या मुलाचं काय, हंगामात किती वाढतात. ड्रायव्हरचा दरही लिहा.

तीन-चार खोल्यांसाठी महागडी बुकिंग यंत्रणा लागत नाही. तारीख, माणसं, मुलं, जेवण आणि मोबाइल असा पाच रकान्यांचा फॉर्म आणि व्हॉट्सॲपची थेट लिंक पुरते. आगाऊ रक्कम यूपीआयनं घ्या. बुकिंगच्या मोठ्या ॲपवरही तुमची खोली असेल तर सगळ्यांची मिळून एकच दिनदर्शिका ठेवा, नाहीतर एकाच खोलीला दोन कुटुंबं येऊन उभी राहतात. ॲप सोडा असं मी म्हणत नाही, नवा पाहुणा तिथूनच येतो. पण २,००० रुपयांच्या खोलीवर १५ टक्के कमिशन धरलं तरी ३०० रुपये जातात. दुसऱ्यांदा येणारा पाहुणा थेट तुमच्याकडे यावा म्हणून वेबसाइट आहे.

फसवणुकीबद्दल एक ठळक ओळ हवीच. हॉटेलांच्या नावानं खोटे नंबर टाकून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार होतात. "आमचा हा एकच नंबर आहे, पैसे पाठवताना पडद्यावर अमुक नाव दिसलं तरच पाठवा" असं लिहा.

रद्द करण्याचे नियम बुकिंगच्या आधी दिसले पाहिजेत. किती दिवस आधी कळवलं तर किती पैसे परत, आणि दरड कोसळून किंवा अतिवृष्टीनं रस्ता बंद झाला तर काय. आम्ही दुसऱ्या प्रसंगात पूर्ण रक्कम परत देतो किंवा तारीख बदलून देतो.

आधार कार्डाचे फोटो वेबसाइटच्या फॉर्मवर मागू नका. ओळखपत्र आल्यावर पाहा. परदेशी पाहुणा असेल तर तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, ते लक्षात ठेवा. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी झालेली असेल तर तो क्रमांक तळाशी दाखवा.

आठवी पायरी : गूगलला सांगणं

गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे शोधात आणि मॅपवर दिसणारी तुमच्या व्यवसायाची नोंद, मोफत आहे. तिथलं नाव, नंबर आणि वेबसाइटवरचं नाव, नंबर अक्षरशः एकसारखे ठेवा. प्रत्येक अभिप्रायाला उत्तर द्या. वाईट अभिप्रायाला शांतपणे, काय दुरुस्त केलं ते सांगून. गूगलच्याच सर्च कन्सोल या साधनात वेबसाइट नोंदवा, म्हणजे लोक कोणते शब्द शोधून आले ते दिसतं. मला तिथे "बामणोली" आणि "बामनोली", "ठोसेघर" आणि "ठोसघर" अशी दोन्ही रूपं दिसली. मजकुरात शुद्ध रूप ठेवून एखाद्या ठिकाणी दुसऱ्याचाही उल्लेख केला. प्रत्येक पानाचं शीर्षक वेगळं हवं. सगळ्या पानांवर "मुख्यपृष्ठ" असं असेल तर शोधात तेच दिसतं.

नववी पायरी : वर्षातून चार वेळा

स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर चार खुणा करा. जूनच्या पहिल्या आठवड्यात रस्त्याचं पान तपासायचं आणि वासोटा बंद असल्याची ओळ वर आणायची. ऑगस्टच्या मध्यात कासच्या बुकिंगची लिंक चालते का ते पाहायचं आणि हंगामाचे दर लावायचे. मग फुलं असेपर्यंत दर दोन दिवसांनी तारीख घालून आजचा एक फोटो टाकायचा, जुना काढायचा. ऑक्टोबरच्या मध्यात लाँच आणि वासोट्याची चौकशी करून तो मजकूर बदलायचा. फेब्रुवारीत नवीन वही घ्यायची, पुन्हा पंधरा दिवस प्रश्न लिहायचे आणि जे प्रश्न अजूनही फोनवर येतात त्यांची उत्तरं पानावर कुठे कमी पडतात ते शोधायचं.

गेल्या फेब्रुवारीच्या वहीत सगळ्यात जास्त रेघा एका नव्याच प्रश्नापुढे होत्या: "गाडी चार्ज करायची सोय आहे का?" मामेभावानं पडवीत १५ ॲम्पिअरचा प्लग बसवून घेतला, आणि वहिनींनी त्याचा फोटो काढून मला पाठवला.